बिडी गाळून विचारलेला प्रश्न

बिडी हा शब्द मी गाळला आणि तिथून सगळं बिघडलं. गाळला तो सभ्यपणापायी. समोर बसली होती माझ्या बायकोची काकू. बायको लहान असताना तिची आई गेली, तेव्हापासून हिनंच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं. म्हणजे माझी सासूच. आता सासूला तोंडावर 'तुम्ही बिडी ओढता का' असं कोणता जावई विचारेल? म्हणून मी नुसतं 'ओढता का' एवढंच विचारलं. तेही कन्नडमध्ये.

आधी मी काय करतो ते सांगतो. कलबुर्गीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी छातीचा डॉक्टर आहे. पोरांना शिकवतो, पेशंट बघतो आणि उरलेल्या वेळात फुप्फुसाच्या कॅन्सरवर संशोधन करतो. संशोधन म्हटलं की आमच्या नातेवाइकांना मी काचेच्या नळीतून काहीतरी ओततोय असं दिसतं. खरं काम फार साधं आहे. वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढलेली, पण अजून काही त्रास नसलेली माणसं गावोगाव हुडकायची, कमी किरणांच्या स्कॅनमध्ये त्यांची छाती बघायची आणि गाठ असेल तर ती वाटाण्याएवढी असतानाच सापडते का ते पाहायचं. मोठ्या झालेल्या गाठी घेऊन येणारी माणसं मी नोकरीभर बघत आलोय. त्यांच्याशी बोलायला फारसं काही उरलेलं नसतं.

तर मंठाळला आमचं शिबिर होतं. मंठाळ ही माझी सासुरवाडी, बसवकल्याणजवळचं मराठी बोलणारं गाव, त्यामुळे गाव मीच सुचवलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलेलं, बाहेर महाविद्यालयाची गाडी, गाडीत फुंकर मारून दम मोजायचं यंत्र. माझ्या खुर्चीमागं आमचे मोठे डॉक्टर उभे होते. ते म्हैसूरकडचे, मराठीचा एक शब्द येत नाही. सकाळपासून मी प्रत्येकाशी मराठीतच बोलत होतो आणि ते हसून म्हणाले होते, "तुम्ही मला परदेशात आणलंत." बोलले ते गमतीनंच. पण सीमेवरचा माणूस असल्या गमतीनं फार लवकर टाचा उंचावतो. मला दाखवायचं होतं की मी घरी मराठी असलो तरी माझं कन्नड पक्कं आहे. नेमकी तेव्हा काकू समोर येऊन बसली. डोक्यावर पदर, तोंडाला पदराचं टोक, मधूनच बारीक खोकला.

"सेदतीरेन्री, अम्मा?" मी विचारलं. म्हणजे, ओढता का. जिला वीस-पंचवीस वर्षं काकू म्हणतोय, तिला अम्मा म्हणालो.

काकूनं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. बसवकल्याणच्या बाजारात जन्म गेलेला, कन्नड तिला कळतं. उत्तर मात्र तिनं मराठीतच दिलं.

"व्हय की. लगीन होऊन आल्यापासनं."

मी चपापलो. "रोज?"

"रोज न्हाई तर काय? उठलं की पैलं तेच."

"दिवसाला किती होतात?"

"धा-बारा तर व्हतेतच. पाव्हणं आले की जास्ती. आता गुडघं धरतेत, म्हणून सूनच वढती."

बिडीचा आणि गुडघ्याचा काय संबंध, हा प्रश्न एखाद्या कंपाउंडरलाही पडला असता. मला पडला नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. या भागातल्या म्हाताऱ्या बायका गुपचूप बिड्या ओढतात, सुनाही ओढतात, आणि हे आजवर कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. मागं वळून मी मोठ्या डॉक्टरांना हा शोध कन्नडमध्ये ऐकवला. ते खूश झाले. म्हणाले, यावर वेगळा लेख होईल. मग मी काकूकडं वळलो. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज चढवून म्हणालो, "काकू, आता बिडी सोडायची बरं का. सुनेलाबी सांगा."

रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. सून मागंच उभी होती.

"कुणाची बिडी?" काकू म्हणाली.

"तुमची."

"मी पाणी म्हणायले," काकू म्हणाली. "आडातलं."

कन्नडमध्ये बिडीही सेदतात आणि आडातलं पाणीही सेदतात. आपण मराठीत पाणी शेंदतो, म्हणजे शब्दाची पाळंमुळं एकच असावीत. इतक्या जवळचा शब्द कानावर आल्यावर काकूला पाणीच आठवणार. छाती भरून येते, खोकला येतो, तर जावई पाणी ओढण्याच्या कष्टाचं विचारतोय, असं तिला वाटलं. चूक सगळी माझी होती. पण रांगेतल्या बायकांच्या कानावर पडला तो फक्त बिडी हा शब्द.

काकू उठली आणि सुनेला घेऊन निघून गेली. तिच्यामागं आणखी काही बायका गेल्या. दुपारपर्यंत आमच्या गाडीला नाव पडलं होतं, बिडीची गाडी. एक आजीबाई नातवाला सांगत होती, "तिकडं जाऊ नको, तिथं बिडीवाल्याच बायका बसायल्यात."

आता इथं कुणी शहाणा माणूस गप्प बसला असता. मी माइक मागवला. गावकऱ्यांना बोलवायला शाळेनं भोंगा लावलेला होताच. मी त्यावरून स्वच्छ मराठीत जाहीर केलं की अमुक घरच्या काकू बिडी ओढत नाहीत, त्यांच्या सूनबाईही ओढत नाहीत, तरी कुणी गैरसमज करून घेऊ नये. भोंगा चांगला होता. वेशीपलीकडच्या शेतात तूर खुरपणाऱ्यांनाही ऐकू गेलं. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही त्या दिवशी कळलं की या घरात बिडीचं काहीतरी प्रकरण आहे.

बायको कलबुर्गीला शाळेत शिकवते. रविवार होता म्हणून ती माझ्यासोबत आली होती आणि काकूच्या घरी थांबली होती. संध्याकाळी मी तिथं गेलो तेव्हा तिघीही माझ्याशी बोलत नव्हत्या. काकू सुनेला म्हणाली, "त्यास्नी इचार, च्या घेनार का." सून बायकोला म्हणाली, "अक्का, दाजीला इचारा, च्या घेनार का." बायकोनं विचारलंच नाही, कप पुढं ठेवला.

मी माफी मागितली. काकू भिंतीकडं बघून म्हणाली, "माफी कशाला? तुमी शिकल्यालं मानूस." हे तिच्याकडून ऐकण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. मग तिला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. शेवटी पदरात तोंड खुपसून ती परसात गेली. मी चहाचा कप हातात धरून तसाच बसलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो खोकला डॉक्टरच्या कानानं ऐकला. कोरडा, आणि मागं बारीक शिट्टी. असा खोकला नवा नसतो. मी त्या घरात किती वेळा येऊन, जेवून, वामकुक्षी घेऊन गेलो होतो.

"काकू, कलबुर्गीला चला. छाती बघायला पाहिजे," मी म्हणालो.

"मी न्हाई येत. तिथं गेले तर गाव म्हणंल, खरंच वढत व्हती."

गावाला हे म्हणायला मीच शिकवलं होतं. शिबिराला आलेल्या बाकीच्या बायका गेल्या त्या परत येतील न येतील, पण ही एक जर माझ्या तोंडामुळं न तपासता राहिली आणि आत काही असलं, तर? मोठ्या झालेल्या गाठी मी पाहिल्या आहेत हे वर सांगितलंच आहे.

महिनाभर मी फोनवरून विनवण्या केल्या. मोठ्या डॉक्टरांकडं जाऊन तो शोध परत घेतला, तेव्हा ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. काकू मात्र हलेना. शेवटी बायको एकटीच बसनं मंठाळला गेली आणि दुसऱ्या दिवशी काकूला घेऊन आली. कसं जमवलंस, विचारलं तर म्हणाली, "मी तिला म्हणलं, मला आई एकच उरलीय." एवढंच. मी सगळे पुरावे, सगळी कारणं सांगून, फोनवर चित्रं पाठवून थकलो होतो.

दवाखान्यात काकूला मी माझ्या संशोधनात घेतलंच नाही. तिथं बिडी लागते. आणि खरं सांगायचं तर तिला तपासायला ते संशोधन लागणारच नव्हतं. ज्याला त्रास नाही त्याच्यासाठी ती तपासणी. जिला इतका खोकला आहे तिची छाती कोणत्याही साध्या डॉक्टरनं साध्या कारणासाठी बघितली असती. शिबिरात मी प्रश्नावलीत बघत होतो, काकूकडं नाही.

स्कॅन झालं. गाठ नव्हती. एक बारीक ठिपका होता, तो काही महिन्यांनी पुन्हा बघायचा. पण श्वासनळ्या आखडलेल्या, फुप्फुसं धुरानं थकलेली. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बाईची असतात तशी. मी समोर बसून तिची हकिगत पुन्हा घ्यायला लागलो. काकू म्हणाली, "या टायमाला मराठीत इचारा, जावईबापू." बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

"घरात गॅस आलाय ना, काकू?"

"कवाच. सून त्याच्यावरच करती समदं."

"मग चूल अजून कामून पेटवता?"

काकू थोडी घुटमळली. मग म्हणाली, "सून मोडायलीच व्हती चूल. मीच न्हाई म्हनलं. तुमास्नी चुलीवरची भाकर आवडती न्हवं. दर टायमाला म्हनता, गॅसवरच्या भाकरीला चव न्हाई. म्हनून ठिवली. आन् चूल हाय म्हनल्यावर रोज पेटतीच, पान्याला, दुधाला."

मी लिहीत होतो, तो पेन तसाच कागदावर टेकून राहिला. हे मी म्हणायचो. पंगतीत, मोठ्यानं, इतरांना ऐकू जाईल असं. छातीचा डॉक्टर, धुरावर पेपर लिहिणारा. भाकरीचा पापुद्रा उचलून तूप सोडता सोडता मी म्हणायचो, आणि परसात चुलीपुढं काकू खोकायची. सगळं आयुष्य तिनं धूर खाल्लेला, तो काही एकट्या माझा नव्हता. पण थांबायची वेळ आली होती तेव्हा तो माझ्यासाठी चालू राहिला.

औषधाचा पंप कसा ओढायचा ते तिला दाखवलं. ओढा म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. काकू मात्र हसली.

त्यानंतर आम्ही मंठाळला गेलो तेव्हा परसातली चूल मोडलेली होती, तिथं तुळशीच्या कुंड्या आल्या होत्या. खोकला पुष्कळ कमी होता. काकूनं गॅसवर भाकरी केली, माझ्या ताटात वाढली आणि वाढता हात तसाच ठेवून विचारलं, "कशी झालीया?"

"अगदी चुलीवरच्यासारखी," मी म्हणालो.

काकूचा चेहरा पडला. हे खोटं आहे हे तिला कळलं, सुनेला कळलं. बहुतेक शेजारीही कळलं असावं.

परतताना हुमनाबाद मागं पडलं. मग बायको म्हणाली, "तुमास्नी खोटं बोलाया येत न्हाई, आन् खरं बोललात की गाव गोळा व्हतंय. जेवताना नुसतं जेवत जावा."