सव्वा मूठ गहू

चिखलदऱ्याचा चढ अर्धा झाला आणि झुंबरअक्कानं चपला काढून हातात घेतल्या.

"अक्का, खडे आहेत," मी म्हटलं.

"देवना डोंगर शे, बाई. टोचू दे."

पुढं चाललेली नववीतली डिंपल वळून हसली. "मावशी, वर देऊळ नाही, चर्च आहे. तेही दोन!"

"मंग दोन्हीले हात जोडसू. तुले काय?"

सावद्याला आमच्या शाळेत अक्का तेरा वर्षं मावशी आहे. घंटा देते, पाणी भरते, कुणा मुलीचं पोट दुखलं तर तिला घरी पोचवते. सासर धुळ्याकडचं. नवरा वारला, तेव्हा इकडं आली. कधी सहलीला आली नाही. यंदा फळ्यावर चिखलदरा वाचलं आणि स्वतःहून मुख्याध्यापकांकडे गेली.

का, ते त्या चढावर कळलं. तिचा एकुलता एक समाधान. त्यानं दवाखान्यातल्या ख्रिस्ती नर्सशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला. चार वर्षांत एकच फोन आला होता, इथल्या चर्चच्या बागेत काम मिळाल्याचा.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात घरी कानबाई देवी बसवतात आणि तिचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. भाऊबंदांतल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. मागच्या श्रावणात अक्कानं सासरी जाऊन समाधानची मूठ टाकली, तर थोरल्या दिरानं, सुकदेवनानांनी, ती बाजूला काढली. "तो आता आपल्यामा नही," म्हणाले.

ते गहू अक्कानं रुमालात बांधून ठेवले होते. किडू नयेत म्हणून आत कडुनिंबाचा पाला. आज ते कमरेला खोचून आणले होते.

"त्यानी मूठ त्याले देसू," ती म्हणाली. "तठे रोट करी खाई."

चर्चच्या दारात तिचा हात सवयीनं वर गेला. घंटा नव्हती. तोच हात तिनं पदरावरून फिरवला, जणू पदरच सारखा करायचा होता.

बागेत एक म्हातारे गृहस्थ झाडू मारत होते. मी विचारलं.

"समाधान? तो पावसाळ्यातच गेला, बायको-मुलीला घेऊन. नागपूरकडं बहुतेक."

"मुलगी आहे त्याला?"

"असेल दोन वर्षांची."

"पत्ता?"

"नाही ठेवला. ही जास्वंद त्यानंच लावली."

अक्कानं त्या जास्वंदीची वाळकी पानं एकेक खुडली. मग आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली. मी शेजारी बसले आणि मनात आपलं रोजचं देवाचं नाव घेतलं. दुसरं मला येत नाही.

दुसरं चर्च मुलींनी पाहिलं. अक्का आली नाही.

उतरताना मुली गाण्याच्या भेंड्या खेळत पुढं गेल्या. अक्का चपला घालायचंच विसरली होती. गाडी दिसू लागली तेव्हा तिनं रुमाल माझ्या हातात ठेवला.

"बाई, तुमना घर कानबाई बसस ना?"

"बसते."

"मंग येता श्रावणमा तुमना रोटमा त्यानी मूठ धरशात का? कोणले सांगू नका. मोजतांना फक्त मनमा नाव ल्या, समाधान. आन् एक मूठ पोरनी."