त्रायकोच्या अंगातलं बिऱ्हाड

मारियोव्होच्या डोंगरातला मेंढपाळ त्रायको लांडग्याला भ्याला नाही, पण औषधाच्या गोळ्यांचा त्याला भारी कंटाळा. हिवाळ्यात रोज संध्याकाळी ताप चढे, घामाने अंथरूण भिजे, सांधे ठणकत. प्रिलेप शहरातल्या डॉक्टरीणबाई नेवेना यांनी गोळ्या दिल्या. ताप उतरताच या गृहस्थाने त्या फडताळात टाकल्या. महिन्याभरात ताप परत हजर.

"काका, हा मेंढ्यांकडून आलेला जंतू आहे," नेवेनाबाई वैतागल्या. "अंगातल्या राखणदार पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो."

"गिळला तर जिरायला नको?"

"बाकीचे जिरतात. याच्यावरही पेशी आम्ल सोडते, लोहाचा पुरवठा तोडून त्याची उपासमार करते. काही पेशी तर त्याला आसरा मिळू नये म्हणून स्वतःच फुटून मरतात. तरी थोडे टिकतातच. तुम्हाला बरं वाटतं तेव्हाही ते आत असतात. मेंढ्यांचंही तेच. दिसायला धडधाकट, दुधात रोग. पोटुशी बाई ते कच्चं प्यायली तर गर्भ पडू शकतो. पशुवैद्याला कळवा."

त्रायकोने या वेळी गोळ्या पुऱ्या घेतल्या. कळवलं मात्र नाही. कळवलं की सरकारी माणसं अख्खा कळप मारतात, आणि कळपाखेरीज त्याच्याकडे होतं काय? शिवाय वसंतातल्या संत जॉर्जच्या सणाआधी घरात कुणी दुधाचा थेंब चाखायचा नाही, असा रिवाज. तोवर बघू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. बघितलं काहीच नाही.

सण आला. लेक दोन्का बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रिवाजाप्रमाणे बादलीवर फुलांचं गोल कडं धरून त्यातून पहिली धार काढली. हे दूध उकळायचं नसतं. त्रायकोची बायको वेलिका हिने पहिला पेला लेकीला भरला.

"पी गं, बाळ गुटगुटीत होईल."

दोन्काने पेला उचलला. त्रायकोने तो हिसकावला आणि बादली लाथेने उलटी केली.

"डोकं फिरलं का तुमचं? सणाचं दूध!" वेलिका ओरडली.

"मेंढ्या रोगी आहेत. मला हिवाळ्यापासून माहीत आहे," तो म्हणाला. "आता मारू देत सगळ्या. हिच्या पोटात थेंब जाता कामा नये."

दोन्काने आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, मी आल्यापासून आई मला रोज सकाळी तुम्हाला चोरून पेलाभर कच्चं दूध देतेय."