बुर्जी म्हणजे जीतच!

परवा मोबाईलवर एकाचं वाचलं... बुद्धिबळात म्हणे संथ खेळणारे भित्रे असतात, खरा खेळ तडाखेबाजांचा. असा संताप आला की समोरचा चहा निवून गेला. वय सत्त्याण्णव, बोटं चालत नाहीत, म्हणून फोनशी बोलून लिहितेय... पण हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

लग्न होऊन मी भोंगवलीहून वेल्ह्याकडच्या एका वाडीत आले, तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि भोरला संस्थान होतं. वडील शाळामास्तर, बुद्धिबळ त्यांनीच शिकवलेलं. घाई करायची नाही, प्याद्याला प्याद्याचा आधार ठेवायचा, समोरच्याला हलायला जागा ठेवायची नाही... असा माझा खेळ.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, नेमके उलटे. घोडे उधळायचे, हत्ती खुशाल मारू द्यायचे, शह दिला की मांडीवर थाप. बघणारे 'वा!' म्हणाले की वजीर गेल्याचंही त्यांना दुःख नसे. माझा खेळ बघून म्हणायचे, "ही खेळतीया का गवऱ्या थापतीया?"

मला सातवीच्या फायनलला बसायचं होतं. पास झाले तर मास्तरीण होता येणार होतं. मामंजी म्हणाले, "मला हरीव, मग खुशाल जा." थट्टेनं म्हणाले असतील, पण पडवीत पाच माणसांसमोर म्हणाले.

दुपारी डाव मांडला. त्यांनी सवयीप्रमाणे दोन्ही घोडे माझ्या राजावर सोडले. शह, परत शह, बघणारे खूश... मी आपली एकेक फट बुजवत राहिले. हल्ला ओसरला तेव्हा त्यांच्याकडे थोडी प्यादीच उरली होती. ती मी सावकाश वेचली, शेवटचंसुद्धा. पटावर त्यांचा नुसता राजा राहिला.

याला बुर्जी म्हणतात. आमच्या भोंगवलीला बुर्जी झाली की डाव जिंकला, पुढे मात करायची गरजच नाही. मी हात जोडून उठणार, तर मामंजी शांतपणे म्हणाले, "हितं बुर्जी झाली की डाव बरुबरीत. जीत न्हाई."

गाव बदललं की नियमही बदलतो, तो आधी विचारून घ्यायचा असतो, हे मला सुचलंच नव्हतं. चूक माझी, कबूल... पण मामंजींचं पुढचं ऐका. "आर्धी जीत, तर आर्धी परवानगी. घरात बसून वाच. परीक्षा न्हाई."

अर्धी परवानगी! ती काय चुलीत घालायची? डोक्यात नुसता जाळ झाला होता, पण सून पडले, मारलेली प्यादी गोळा करू लागले.

तेवढ्यात दाराआडून सासूबाई बोलल्या. त्यांना पटावरचा उंट कुठला आणि हत्ती कुठला हेही ठाऊक नव्हतं. "आवो, शिमग्याला पाटलासंगं बुर्जीच झाली व्हती न्हवं? जीत म्हनून तुमी पैजंचा बोकड घिऊन आला. मग त्यो आर्धाच खाल्ला व्हता का आपुन?"

पडवीत हशा पिकला. मामंजींनी पट गुंडाळला आणि गोठ्याकडे गेले. परीक्षेच्या वेळी मात्र स्वतः गाडी जुंपून मला भोरला नेलं.

पुढे तीस वर्षं मास्तरीण होते. गावोगावच्या पोरींची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली. सासूबाई मात्र शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिल्या, आणि एकाच घरात राहून त्यांच्या हातात पाटी द्यावी असं माझ्या मनात कधी आलं नाही. मामंजींवरचा राग केव्हाच गेला... हा स्वतःवरचा काही जात नाही.