ब्रिजिट टीचरांची एक गोळी

रजा मागायला गेलेल्या मुलीचं मनगट ब्रिजिट टीचर आधी हातात घेत. खोटं कारण सांगताना नाडी धावते, असा त्यांचा सिद्धांत होता. वैद्यकशास्त्रात त्याला आधार नसावा. पण आमच्या वर्गात रजा फारशी कुणी मागत नसे.

त्या वटार गावच्या. नव्वदच्या दशकात वसईतल्या एका नर्सिंग शाळेत त्या आम्हाला हृदयाची औषधं शिकवत. ठोक्यांची अनियमितता पुस्तकात दोन पानं खाई. टीचर टेबलावर बोटं वाजवून ती दाखवत. ‘‘आमच्याकडच्या लग्नात बँडचा ढोलवाला जास्त प्यायला की जसा वाजवतो, तसं. कधी चुकेल तेही सांगता येत नाही.’’ पुढे ईसीजीच्या पट्ट्या पुष्कळ पाहिल्या. प्रत्येक वेळी आधी तो ढोलवालाच आठवला.

दुसऱ्या वर्षी वॉर्डात अर्नाळ्याची एक कोळीण मावशी होती. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून तिला डिगॉक्सिन चालू होतं. गोळीआधी छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजायचे, साठाच्या खाली असतील तर गोळी थांबवायची, हा नियम. मी मोजले. साठाच्या वर होते. गोळी द्यायला हात पुढे केला, तोच मागून टीचरांनी विचारलं, ‘‘ती जेवली का?’’

मावशीनेच उत्तर दिलं. ‘‘नको गो बाय. मासलीचा वासपन नको. आनि तुजी साडी आज पिवली कशी?’’

टीचरांची साडी पांढरीशुभ्र होती.

‘‘अर्नाळ्याची बाई मासळीला नको म्हणते,’’ टीचर मला हळूच म्हणाल्या, ‘‘आणि तू आकडा बघतेस? पांढरं पिवळं दिसतंय तिला. औषध अंगात साठलंय. गोळी परत ठेव.’’

वॉर्डाचे डॉक्टर त्या वेळी खालच्या सभागृहात होते. रुग्णालयाचा वर्धापनदिन होता आणि वक्त्यांनी त्यांना नुकतंच धन्वंतरीच्या पंगतीत बसवलं होतं. टीचर सरळ मंचावर चढल्या आणि त्यांच्या कानाशी वाकल्या. डॉक्टर खांद्यावरच्या शालीसकट उठून आले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ईसीजी पाहून त्यांनी औषध बंद केलं, रक्त तपासायला पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत मावशीच्या खाटेजवळून हलले नाहीत. आणखी एक गोळी महागात पडली असती, एवढंच म्हणाले.

कार्यक्रमाचा विचका केला म्हणून व्यवस्थापकांनी टीचरांना बोलावून घेतलं. टीचरांनी शांतपणे सांगितलं, ‘‘हार उद्यापण घालता येतो, सर.’’

दोन-तीन दिवसांनी मावशीने जेवणाचं ताट ढकललं. मी घाबरले. पण ती विचारत होती, ह्या पान्याला कालवन कोन म्हनतं, आनि घरून बोंबील आनायला कोनाची मनाई हाय. टीचर दारातून ऐकत होत्या. आत येऊन त्यांनी केसपेपर माझ्यापुढे सरकवला आणि सांगितलं तसं लिहायला लावलं: ‘रुग्ण जेवणाला नावं ठेवते. प्रकृतीत सुधारणा.’