बापाचं अक्षर

वेलचेरीच्या शेअर ऑटोत शेजारच्या आजोबांनी पंच्यात गुंडाळलेली बॅट तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरली होती. माझं फोनवरचं मराठी ऐकून ते तंजावरी वळणाच्या मराठीत बोलू लागले. ऑनलाइन घेतलेल्या त्या बॅटवरची मुंबईच्या फलंदाजाची सही त्यांना खोटी वाटत होती, म्हणून विकणाऱ्याशी भांडायला ते अंबत्तूरला निघाले होते.

त्यांनी पंचा उलगडून दाखवलेली सही पाहून मी म्हटलं, "नावाआधी हा 'आर' कुठला? त्याच्या वडिलांचं नाव तर 'एस'वरून."

आजोबा खुदकन हसले. "आमच्याकडं नावाआधी बापाचं अक्षर लावतात, सार. लबाडानं सवयीनं स्वतःच्याच बापाचं लावलं!"

"मग पुरावाच मिळाला की!"

त्यांनी बॅट पुन्हा गुंडाळली आणि ऑटो थांबवायला सांगितला. "चोरी करतानाही ज्यानं बाप सोडला नाही, त्याच्याशी काय भांडायचं?"