वेबसाइटवरचे शुभेच्छुक

माझी भाची सकाळच्या गाडीने शिरूरला आली ती लॅपटॉप ओढणीत गुंडाळून. ती खुटबावची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तेव्हा ती दौंडमधल्या एका फ्लेक्सच्या दुकानात बोर्ड डिझाइन करायची. पुण्याच्या एका डिझाइन कंपनीत जागा निघाली होती आणि अर्जासोबत स्वतःच्या कामाची वेबसाइट त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. मी घरी बसून कारखान्यांच्या वेबसाइट करते, त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचा प्रिंटर अडला तरी फोन मलाच येतो.

"एकदा बघ, मावशी. आन् खरं सांग," ती म्हणाली.

खरं सांग म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा कौतुक हवं असतं, हे मला कामातून कळलेलं आहे. त्यातून माझी जीभ मुळात तिखट. मी म्हटलं, आधी चहा घे, मग रड.

तिने साइट उघडली आणि माझ्या स्वयंपाकघरात हलगी वाजायला लागली. बंद कशी करायची ते तिलाही पटकन सापडेना. निळं आकाश, त्यात फिरणारे किरण, वर मधोमध फेटा बांधलेले तिचे आजोबा आणि खाली सोनेरी अक्षरांत 'मार्गदर्शक'. त्याखाली फोटोंची रांग: वडील, चुलते, दुकानाचे मालक, शाळेतल्या बाई. रांगेवर लिहिलेलं, 'शुभेच्छुक'. रांगेत मीही होते. फोटो कुठल्याशा लग्नातला. मूळ फोटोत माझ्या हातात जेवणाचं ताट असणार. ताट तिने कापून काढलं होतं, हात मात्र तसाच वर राहिला होता, त्यामुळे मी सगळ्या जगाला आशीर्वाद देत होते.

मी पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर विचारलं, "आणि तू कुठं आहेस?"

तिने पान खाली, अगदी तळाशी नेलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत तिचं नाव होतं. फ्लेक्सवर छापणाऱ्याचं नाव जिथे टाकतात तिथे. वर्षानुवर्षं तिने डिझाइन करणाऱ्याची जागा तीच पाहिली होती, मग स्वतःच्या वेबसाइटवर ती दुसरीकडे कुठे जाणार!

"हे सगळे फोटो काढ," मी म्हटलं. "आबांचासुद्धा."

ती हसली नाही. "आबांचा कसा काढू? बारावीनंतर घरात समदी नको म्हणत होती, तवा आबांनीच दौंडला क्लास लावून दिला. रोज संध्याकाळी पारावर बसून ही साइट दावत्यात सगळ्यांना. फोटू गेला तर त्यांना काय वाटंल?"

आबा म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे. घरात त्यांचा शब्द शेवटचा, आणि एकदा अबोला धरला की महिनोन्महिने धरतात, हे मी बहिणीकडून ऐकून होते. तेव्हा ते तसंच ठेवून मी तिची कामं बघायला लागले.

आणि माझी टवाळी तिथेच संपली. पोरीचा हात देखणा होता. बैलगाडा शर्यतीच्या एका बोर्डवर तिने गुलालाचा रंग असा पसरला होता की बैलांच्या पायांखालची माती उडताना दिसावी. लग्नपत्रिकांवरची अक्षरं तिने स्वतः काढलेली; जोडाक्षरं कुठे चेंगरलेली नव्हती. आणि एका कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला पडू नये असं, अंजिराच्या खोक्याचं लेबल होतं. पांढऱ्या कागदावर नुसतं 'अंजीर'. त्यातला अनुस्वार म्हणजे एक छोटं, देठासकट अंजीर. बस, एवढंच. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण असा अनुस्वार मला सुचला नसता. मला तिचा हेवा वाटला आणि अभिमानही वाटला.

"हे पहिलं घे. सगळ्यात वर," मी म्हटलं. "किरण काढ, हलगी काढ. कामं मोजकीच ठेव, पण चांगली. आणि प्रत्येक कामाखाली ते कसं सुचलं ते लिही."

"कसं सुचलं म्हंजी? गिऱ्हाईक उभं असतंय डोक्यावर, मी करती."

मग मी एका वाढदिवसाच्या बोर्डवर बोट ठेवून विचारलं, हे दोन फोटो असे वरखाली का? ती म्हणाली, "त्ये दोघं चुलतभाऊ हायत. दोघांनाबी पहिला मान पायजे. मंग एकाला जरा वर घेतला आन् दुसऱ्याला जरा मोठा केला. पहिला म्हणतो मी वर हाय, दुसरा म्हणतो मी मोठा हाय. दोघंबी खूश. भांडण न्हाई."

"हेच लिही!"

"ह्याला डिझाइन म्हणत्यात व्हय?"

"यालाच म्हणतात," मी ओरडलेच. कुणाची नजर आधी कुठे जाईल, कोण कुठे दुखावेल, हे पाहून मांडणी करायची. आम्ही मीटिंगा घेऊन घेऊन हेच करतो आणि तरी भांडणं होतात.

ती माझ्या जेवणाच्या टेबलावर कामाला बसली. मी दोनदा पोळ्या गरम केल्या, दोन्ही वेळा गार झाल्या. दुपारपर्यंत पान पांढरं, स्वच्छ झालं. वर अंजिराचं लेबल आलं. शुभेच्छुकांची रांग गेली, माझ्या आशीर्वादासकट. राहिले फक्त आबा. त्यांचा फोटो तिने लहान केला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. सगळ्या गावाचा मानपान सांभाळणारी पोर या एका फोटोपाशी अडली होती. ते तिचं तिनेच ठरवायचं होतं.

शेवटी तिने तो काढला. आणि त्या जागी आपलं नाव टाकलं, पानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. मग डोळे पुसले आणि लिंक पाठवून दिली.

नोकरी लागली, ते इथेच सांगून टाकते. मुलाखतीत त्या चुलतभावांबद्दलच जास्त विचारलं म्हणे. पण ते पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी दिवेलागणीला आबांचा फोन आला, तेव्हा ती माझ्याकडेच होती. तिने स्पीकर लावला. मागे पारावरच्या माणसांचा गलका ऐकू येत होता.

"आगं, माझा फोटू कुठं ग्येला? बिगाडलं का काय त्यात?"

मी खुणेने सांगितलं, माझं नाव घे, मावशीने काढायला लावला म्हण. मला शिव्या घातल्या तर घालू देत. तिने नकारार्थी मान हलवली.

"बिगाडलं न्हाई, आबा. मीच काढला. ती माझ्या कामाची जागा हाय, म्हणून तिथं माझंच नाव ठेवलंय. तुमाला इचारलं न्हाई."

पलीकडे कुणीतरी आबांना काय झालं म्हणून विचारलं. भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

"दिसतंय," आबा म्हणाले.

"काय दिसतंय, आबा?"

"तुझं नाव. चष्म्याबिगार दिसतंय."