मावसोबा आणि खरजेची काचपट्टी

घाबरटपणात अख्ख्या देवास जिल्ह्यात आमच्या मावसोबांचा हात धरणारा माणूस सापडायचा नाही. मावसोबा म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. कुलूप लावून चौकापर्यंत गेले की एकदा तरी परत येऊन ते ओढून बघतात. सतवासची बस सुटायच्या दीड तास आधी स्टँडवर जाऊन बसतात आणि दिसेल त्या ड्रायव्हरला विचारतात, "भिया, यही है ना?" अशा माणसाने जन्मभर लॅबमध्ये लोकांच्या अंगाला ब्लेड लावावं, हा नशिबाचा खेळच. खरजेचा नमुना घेण्यात मात्र त्यांचा हातखंडा. बोटांच्या बेचक्यात तेलाचा थेंब टाकायचा, बोथट ब्लेडने वरवर खरवडायचं आणि ते काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली किडा शोधायचा. पेशंट निवांत असतो, घाम फुटतो मावसोबांना. "लगा तो नहीं?" असं ते इतक्यांदा विचारतात की लोहारद्याचा एक गडी शेवटी म्हणाला, "भिया, आप बैठो, मैं खुद खुरच देता हूँ."

गेल्या वर्षी माझ्याच बोटांना खाज सुटली. घरचे म्हणाले, उष्णता असेल. मीही तेच धरून बसले, कारण चार दिवसांनी धारला माझ्या भाचीचं बारसं होतं. एकुलती एक आत्या मी, कानात नाव मीच सांगायचं. धारची आमची मंडळी जुन्या वळणाची. खरूज म्हणजे अस्वच्छ माणूस, असा त्यांचा ठाम समज. त्यात आठवड्यापूर्वीच मी मावसोबांबरोबर बाळ बघायला जाऊन तिला तासभर कुशीत घेतलं होतं.

परक्या घरी जावं तशी मी हात तीनदा साबणाने घासून लॅबमध्ये गेले. मावसोबा मटकन खुर्चीत बसले. "अगं, सारा सबूतच मिटवून आलीस!"

पहिल्या पट्टीवर काही मिळालं नाही. मी आनंदाने उठले.

"बस," ते म्हणाले. "दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं." त्यांनी माझ्या बांगड्या वर सारल्या आणि मनगटावर न खाजवलेली एक बारीक नागमोडी रेघ शोधून काढली. तिथलं खरवडून बराच वेळ वाकून बघत राहिले. मान वर केली तेव्हा चेहरा असा, जणू तो किडा त्यांनीच सोडला होता. "आहे गं."

मला रडूच कोसळलं. औषधाने मी बरी झाले असते, पण धारला सांगायचं कोणी? सांगितलं नाही तर बाळाचं काय? फोनवर हॅलो म्हणण्याआधी तीनदा घसा खाकरणाऱ्या मावसोबांनी त्या दिवशी एकदाही न खाकरता माझ्या भावाला सांगितलं, "मला खरूज झाली आहे. त्या दिवशी मी तुमच्याकडे येऊन गेलो. बाळासकट सगळे डॉक्टरांकडे जा, आणि बारसं पुढे ढकला."

बारसं तीन आठवड्यांनी झालं. सगळ्यांनी मावसोबांना लांबूनच नमस्कार केले. कोपऱ्यात त्यांची खुर्ची, आणि शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मला ते बघवेना. नाव सांगून झालं तशी मी बाळाला उचललं आणि नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, पडेल, पडेल!"

"खरूज मला झाली होती," सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले. मावसोबांचं लक्षच नव्हतं. ते बाळाची बोटं एकेक उघडून बेचक्या तपासत होते.